माईकवरून पुकारलेलं नाव

"मॅडम, आजी पण आत येणार?"

पबच्या दारातल्या आडदांड माणसानं हे मला विचारलं, सासूबाईंना नाही. त्यांच्या डोक्यावर पदर होता, पायात रबरी चपला होत्या आणि हातात भाजीची कापडी पिशवी होती.

"तिकिटं दोन काढल्यात," सासूबाई म्हणाल्या. "एक माजं हाय."

त्यानं निमूट माझ्या मनगटावर शिक्का मारला, मग त्यांच्या. सासूबाईंनी तो जांभळा शिक्का उजेडात धरून बघितला. "जनावरांच्या बाजारात मारत्यात तसला हाय," एवढंच बोलून त्या जिना चढायला लागल्या.

डिसेंबरातला दुसरा रविवार होता, दुपारचे साडेतीन. बाणेरला टायरच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर हा पब. साठेक माणसं मावतील एवढी खोली, एका टोकाला वीतभर उंचीचं स्टेज, दुसऱ्या टोकाला जिन्याचं दार. चार वाजता सारंग खोचरे गाणार होता. पण आम्ही दोघी गाणं ऐकायला आलो नव्हतो. आम्ही धैर्यशीलला शोधायला आलो होतो. माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो घरातून गेला होता. मोबाइल आणि घराची किल्ली फ्रिजवर ठेवून, अंगावरच्या कपड्यांनिशी. चिठ्ठी नाही, भांडण नाही, दुसरी बाई नाही. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं. निदान कुणाच्या तरी झिंज्या उपटता आल्या असत्या. त्याची नोकरी वर्षापूर्वी गेली होती, नंतर दुसरी लागलीही होती, पण मधल्या काळात त्याचं बोलणं जे आटलं ते परत आलं नाही. जेवायला हाक मारली की यायचा, जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. घरात पाहुणा असावा तसा वागायचा, आणि पाहुणा एक दिवस जातोच, हे मला सुचलं नाही.

चार महिन्यांत मी काय केलं नाही? पोलीस चौकी झाली, त्याचे मित्र झाले, कोल्हापूर, गोंदवलं, नृसिंहवाडी झाली. सासूबाई कराडजवळच्या गावाहून येऊन माझ्याकडे राहिल्या होत्या. दोनदा चौकीवरून फोन आला, वर्णन जुळतंय, बघून घ्या. दोन्ही वेळा आम्ही दोघी गेलो. तिथला माणूस चादर तोंडावरून काढायला लागला की सासूबाई म्हणायच्या, "तोंड नगं. पाय दावा." धैर्यशीलच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, जन्मापासून. दोन्ही वेळा करंगळी सरळ निघाली. दोन्ही वेळा बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो, आणि कुणाचा तरी मुलगा मेलाय याचा आम्हाला आनंद झाला. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

मला त्याच्याबद्दल एकच भीती होती, जी मी सासूबाईंसमोर कधी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघताना दोघींच्या मनात एकच असायचं.

आणि मग फोनवर खोचऱ्याच्या कार्यक्रमाची जाहिरात आली.

सारंग खोचरे स्वतः लिहितो, स्वतः चाली बांधतो आणि गिटार घेऊन एकटाच गातो. मोठ्या थिएटरात कधी गेला नाही, कुणी बोलावलं नसावं किंवा त्यालाच नको असावं. पण ज्यांना तो आवडतो त्यांना वेड लागल्यासारखा आवडतो. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात धैर्यशीलनं मला स्वयंपाक येतो का ते विचारलं नव्हतं, खोचऱ्याची गाणी ऐकता का ते विचारलं होतं. मी म्हटलं, सगळी पाठ आहेत. लग्न तिथंच ठरलं. त्यानंतर खोचरे पुण्यात आला आणि आम्ही गेलो नाही असं अकरा वर्षांत एकदाही झालं नाही. मला डेंग्यू झाला तेव्हासुद्धा तो एकटा जाऊन आला, आणि परत येऊन पलंगाशेजारी बसून सगळी गाणी मला क्रमानं म्हणून दाखवली.

"म्हंजी वृषाली, ह्यो बुवा गातो तितं धैर्या येतोच?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"येतोच."

"पक्कं?"

"जिवंत असेल तर येतो," मी बोलून गेले. पहिल्यांदाच तो शब्द घरात उच्चारला गेला.

सासूबाई म्हणाल्या, "मग दोन तिकिटं काड."

आम्ही स्टेजजवळच्या टेबलाशी बसलो. वेटरनं काय घेणार विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "च्या हाय का?" नव्हता. मी दोन लिंबू सोडे सांगितले. माणसं यायला लागली तसं मी दाराकडे तोंड करून प्रत्येक चेहरा बघत होते. दाढीवाले, चष्मेवाले, जोडपी, ऑफिसातली टोळकी. दार उघडलं की मी खुर्चीतून अर्धी उठायचे. पावणेचार झाले, चार झाले. धैर्यशील नव्हता.

स्टेजच्या कडेला एक स्टीलचा डबा होता, शेजारी कागदाचे तुकडे आणि पेन्सिल. खोचऱ्याची ही जुनी रीत. कागदावर गाण्याचं नाव आणि आपलं नाव लिहून डब्यात टाकायचं. तो एकेक चिठ्ठी काढतो, फर्माईश करणाऱ्याचं नाव माईकवर मोठ्यानं वाचतो आणि मग गातो. धैर्यशील नेहमी एकच गाणं मागायचा, 'शेवटच्या स्टॉपच्या पुढं'. आणि नाव लिहायचा शाळेच्या हजेरीपटासारखं, जगदाळे धैर्यशील विलास.

"तो डबा कशाचा गं?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

त्या सरळ झाल्या. "माईकवरनं नाव पुकारतो?"

"गाणं मागणाऱ्याचं."

"आगं, मग झालं की. धैर्या पाच वरसाचा आसताना जत्रंत हरावला हुता. दोन तास. मी येड्यागत झाले हुते. मग पाटलांनी माईकवरनं पुकारलं. नाव, गाव, अंगात कंच्या रंगाचा सदरा, आन् आई स्टेजपाशी थांबलीया. पाळण्याच्या मागनं पळत आलं की माजं पोरगं. माईकवरनं नाव पुकारलं की माणूस येतं." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "ल्ही. चष्मा घरी ऱ्हायला माजा, न्हाईतर मीच ल्हिली आसती."

"आई, हा पब आहे. जत्रा नाही."

"माईक हाय का न्हाई?"

माझ्याकडे यापेक्षा चांगली कल्पना नव्हती. चार महिन्यांत मी इतक्या वेडगळ गोष्टी केल्या होत्या की त्यात ही एक खपून गेली असती. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. जगदाळे धैर्यशील विलास, वय छत्तीस, अंगात निळा शर्ट.

"निळा कशावरून?" मी विचारलं. "चार महिने झाले."

"शर्टाबिगर पुकारत न्हाईत," त्या म्हणाल्या. "फुडं ल्ही. आई आन् बायकू स्टेजपाशी थांबल्यात. आसशील तितनं ये."

मी घडी घालून चिठ्ठी डब्यात टाकली.

खोचरे आला. आधीपेक्षा बारीक झाला होता, केस पांढरे झाले होते. टाळ्या झाल्या. त्यानं पहिली दोन गाणी स्वतःच्या मनानं म्हटली. एरवी त्याचा आवाज लागला की मी हातातलं सगळं विसरायचे. त्या दिवशी तो आवाज माझ्या कानावरून गेला आणि मला त्याचा राग आला. आमच्या घरात याच माणसाची गाणी लागायची. त्याच्या त्या गाण्यात एक माणूस बसमध्ये बसून राहतो, शेवटचा स्टॉप येतो, सगळे उतरतात, हा उतरत नाही. *स्टॉप संपला, रस्ता नाही संपला, उतरायचं राहून गेलं.* ते गाणं मी भांडी घासताना म्हणत आले होते. नवरा ते का ऐकतोय, हे अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मग तीन-चार चिठ्ठ्या झाल्या. खोली भरून गेली होती, माणसं दारापर्यंत उभी होती. मला मागचं काही दिसेना म्हणून मी उठून मधल्या खांबापाशी जाऊन उभी राहिले. सासूबाई स्टेजजवळच बसून होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

खोचऱ्यानं पुढची चिठ्ठी उघडली. "जगदाळे धैर्यशील विलास," त्यानं वाचलं. "वय छत्तीस. अंगात निळा शर्ट."

लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "निळा शर्ट, हात वर करा." आणखी हसू. खोचरेही हसला आणि पुढची ओळ वाचायला गेला, पण ती त्यानं मोठ्यानं वाचली नाही. त्याचा चेहरा बदलला. त्यानं मान वर केली, तोवर सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"आजी, हे तुम्ही लिहिलंय?"

"माज्या सुनंनं ल्हिलंय. मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुमी वाचा की. का मी बोलू?"

तो गडी चांगला. त्यानं हात देऊन त्यांना वर घेतलं आणि माईक त्यांच्या तोंडापर्यंत खाली आणला. हसणं थांबलं. सासूबाई गर्दीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि जत्रेतल्या पाटलांच्या चालीवर सुरू झाल्या.

"जगदाळे धैर्यशील विलास. मुक्काम पुणं. अंगात..."

त्या थांबल्या. मला वाटलं, घाबरल्या. एवढी माणसं, एवढे दिवे. मी त्यांना धीर द्यायला पुढे जाणार होते, पण त्याआधी सवयीनं मागे वळून बघितलं, आणि मला धैर्यशील दिसला.

जिन्याच्या दारात उभा होता. दाढी वाढवली होती, नीट कातरलेली. अंगात चौकड्यांचा शर्ट होता, इस्त्रीचा. तो शर्ट मी घेतलेला नव्हता. गळ्यात कुठल्याशा दुकानाच्या ओळखपत्राची पट्टी होती. गालांवर मांस आलं होतं. बरा दिसत होता. मी त्या चार महिन्यांत सात किलो घटले होते आणि हा बरा दिसत होता.

त्यानं हात जोडले होते. छातीशी, घट्ट. आणि मान हलवत होता, नको, नको अशी. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तो पुसत नव्हता.

माझ्या आणि त्याच्या मध्ये पंधरा पावलं असतील. हाक मारली असती तर खोलीतल्या साठ माणसांनी त्याला धरलं असतं. तो घरी आला असता, जेवायला बसला असता आणि ताट धुऊन ठेवलं असतं. आणि पुन्हा एके दिवशी मी फ्रिजवर किल्ली बघितली असती, किंवा खिडकीतून खाली बघितलं असतं. मी तोंड उघडलं होतं हे मला आठवतं. आवाज निघाला नाही. काढला नाही, असं म्हणायला पाहिजे.

मागे माईकवर सासूबाईंचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. "धैर्या. तुजी आई बरी हाय. वृषाली बी बरी हाय. आमची काळजी करू नगंस. येळच्या येळी जेवत जा." मग पुन्हा थांबून, "आसशील तितं ऱ्हा. पर ऱ्हा, बाबा."

मी लिहिलेलं हे नव्हतंच. घाबरून सगळं उलटंपालटं झालं त्यांचं, असं मला वाटलं. एक वेटर ट्रे घेऊन माझ्यासमोरून गेला. तो पुढे सरकला तेव्हा दारात कुणी नव्हतं.

मी स्टेजपाशी गेले आणि सासूबाईंना हात देऊन खाली उतरवलं. त्यांचा हात गार पडला होता.

"दिसला का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला?"

"मला कुटलं दिसतंय एवड्या लांबचं. चष्मा घरी ऱ्हायलाय न्हवं."

खोचऱ्यानं विचारलं, धैर्यशीलचं आवडतं गाणं कोणतं? मी सांगितलं. त्यानं ते गायलं, डोळे मिटून, नेहमीपेक्षा सावकाश. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सासूबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. "चांगलं म्हनतोय," एवढंच म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला सांगितलं की भूक लागलीय. चार महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा जेवण मागितलं. त्या रात्री मी पिठलं केलं, आणि त्यांच्यासमोर बसून मनात म्हणत राहिले, बिचारीला काही कळलं नाही तेच बरं. मुलगा जिवंत आहे आणि तुम्हाला नको म्हणतोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

नंतर जानेवारीत चौकीवरून तिसरा फोन आला. मी सासूबाईंकडे बघितलं. म्हटलं, माझं डोकं चढलंय. त्या म्हणाल्या, त्यांचे गुडघे धरलेत. आम्ही गेलो नाही. त्यांचे गुडघे धरलेत ते बरं झालं, असं मला वाटलं.

सासूबाई गावाला परत गेल्या नाहीत. आम्ही दोघी एकत्र राहिलो, अजून राहतो. खोचऱ्याच्या कार्यक्रमाला पुन्हा गेलो नाही. जाहिरात आली की मी फोन उलटा ठेवते.

हे सगळं आज सांगायचं कारण, गेल्या सप्टेंबरात आमची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. फ्लॅट धैर्यशीलच्या नावावर. त्याच्या सहीशिवाय पान हलेना. वकील शिरोळकर म्हणाले, माणूस सात वर्षं बेपत्ता असला की कोर्ट त्याला मृत धरतं. गणपतीत सात वर्षं झाली ना? मग आई आणि पत्नी दोघींनी प्रतिज्ञापत्र करायचं.

मी ठरवून गेले होते. खोटी सही करायची आणि मोकळं व्हायचं. सासूबाईंना तर खोटं बोलावंच लागणार नव्हतं. वकिलांनी मजकूर वाचला. "गेल्या सात वर्षांत सदर इसमास आम्ही पाहिलेले नाही, वा तो हयात असल्याचे आमच्या ऐकिवात नाही."

मी पेन उचललं. हात कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. मी स्वतःला सांगत होते, वृषाली, तीन सेकंदांचं काम आहे. तीन सेकंद गेले, दहा गेले.

"वकीलसायेब," सासूबाई म्हणाल्या, "सात वरसं अजून भरली न्हाईत."

शिरोळकरांनी फाइल चाळली. "भरली की, आजी. तो गेला ऑगस्टमध्ये."

"गेला आगस्टातच. पर सात वरसं भरायची डिसेंबरात. दुसऱ्या आयतवारी."

"असं कसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या त्या कागदाकडे बघत राहिल्या, चष्मा लावून. तो चष्मा. जवळचं वाचायचा. लांबचं बघायला त्यांना कधी चष्मा लागलाच नव्हता, गच्चीवरून बसचा नंबर सांगणारी बाई ती. सात वर्षं ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, कारण मी माझंच खोटं सांभाळत बसले होते.

त्या स्टेजवर होत्या. तोंड दाराकडे होतं. त्यांनी त्याला माझ्या आधी बघितलं होतं, आणि मग चिठ्ठीतलं वाक्य बदललं होतं.

मी पेन खाली ठेवलं. वकिलांना म्हटलं, नंतर येतो. जिन्यात दिवा नव्हता. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या, मी मागे.

"आई," मी म्हटलं, "मला वाटत होतं, त्यानं मला हात जोडले."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत. "तुला बी दिसला हुता तर."

"हो."

"मला वाटलं, मला जोडल्यात." खालून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. "मी सोडलं गं त्याला. तुला इचारलं न्हाई, तुजा नवरा आसून. तुला सांगाया तोंड न्हवतं मला."

मला रडू आलं. सात वर्षांत मी एवढ्या मोठ्यानं रडले नव्हते. त्यांनी वर हात करून अंधारात माझा हात शोधला.

"कुणाला जोडले आसतील, आई?"

"दोगींला," त्या म्हणाल्या. "हात दोनच आसत्यात माणसाला. चल, पायरी बगून उतर."